महिनोन्महिने बरी न होणारी सर्दी : नाकातले वेगळे जंतू ओळखायचे कसे? कुठे तपासायचे, कोणत्या चाचण्या करायच्या? वाचा सविस्तर

कल्याण : पावसाळा सुरू झाला की कल्याण, मुरबाड, शहापूर, भिवंडी आणि अंबरनाथ तालुक्यांतल्या गावांत घरटी एकाला तरी सर्दी होते. बहुतेकांची ती आठवड्याभरात जाते. काहींची मात्र जात नाही. नाक चोंदलेलेच राहते, खपल्या पडतात, मधूनच घोळणा फुटतो. मेडिकलमधून गोळ्या आणल्या की चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. ‘सायनस आहे’, ‘धुळीची ॲलर्जी आहे’, ‘अंगात उष्णता आहे’ असे म्हणत वर्ष निघून जाते.

अशा सर्दीमागे बहुतेक वेळा ॲलर्जी, सायनसची सूज, नाकाचा वाकडा पडदा किंवा नाकात वाढलेला कोंब हीच कारणे असतात. पण थोड्या रुग्णांत कारण वेगळे निघते. कुष्ठरोग, क्षयरोग, पीनस, रायनोस्क्लेरोमा, घटसर्प अशा आजारांचे जंतू नाकात घर करतात. हे जंतू नेहमीच्या पाच दिवसांच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. उशीर झाला तर नाकाचा पडदा झिजतो, त्याला भोक पडते आणि नाकाचा दांडा बसतो. औषधाने जंतू मरतात, पण बसलेले नाक औषधाने वर येत नाही. म्हणून या आजारांत वेळेवर निदान होणे सर्वांत महत्त्वाचे.

साधी सर्दी किती दिवस राहते?

विषाणूमुळे होणारी साधी सर्दी सात ते दहा दिवसांत ओसरते. दहा दिवसांनंतरही घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, चेहऱ्यात दुखणे आणि ताप राहिला तर नेहमीच्या जंतूंमुळे झालेली सायनसची लागण असू शकते. त्यावर डॉक्टरांनी दिलेले औषध बहुधा लागू पडते. त्रास बारा आठवड्यांहून जास्त चालला तर त्याला जुनाट म्हणतात. तिथे आणखी एक गोळी बदलून बघण्यापेक्षा कान-नाक-घसा तज्ज्ञाने नाकाच्या आत बघणे गरजेचे असते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

१. त्रास फक्त एकाच नाकपुडीत असणे.
२. शेंबडात वारंवार रक्त येणे किंवा पुन्हा पुन्हा घोळणा फुटणे.
३. नाकात मोठ्या, हिरवट-काळ्या खपल्या आणि दुर्गंधी.
४. नाकात न भरणारी जखम, गाठ किंवा पडद्याला भोक. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणे हीही भोकाची खूण असू शकते.
५. नाक बाहेरून जाड, कडक होणे किंवा दांडा खाली बसणे.
६. सर्दीबरोबर अंगावर बधिर चट्टे, कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवयांचे केस विरळ होणे, हातापायांना मुंग्या येणे.
७. सर्दीबरोबर वजन घटणे, संध्याकाळचा ताप, जुना खोकला, मानेत गाठी.
८. आवाज बसणे किंवा श्वास घेताना घरघर.

मधुमेह असलेल्या माणसाला अचानक चेहऱ्याच्या एका बाजूला दुखू लागले, डोळा सुजला, एकाची दोन दिसू लागली किंवा नाकात, टाळूवर काळा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नये. हे जंतूंचे नव्हे, म्युकरमायकोसिस या बुरशीचे लक्षण असू शकते. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, कल्याण-डोंबिवलीतही या बुरशीने रुग्ण दगावले होते. तेव्हा लोकांनी ‘काळी बुरशी’ हे नाव ऐकले, पण साखर हाताबाहेर गेलेल्या रुग्णाला हा धोका आजही आहे.

कुष्ठरोग : सुरुवात नाकातूनही होते

कुष्ठरोग म्हटले की डोळ्यासमोर झडलेली बोटे येतात. पण कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचा थंड भाग आवडतो. म्हणून नाकाची आतली त्वचा आणि कानाच्या पाळ्या ही त्याची आवडती ठिकाणे. ज्या रुग्णांच्या अंगात जंतूंची संख्या खूप असते, त्यांच्यात नाक चोंदणे, खपल्या पडणे, रक्तमिश्रित शेंबूड येणे हे त्रास लवकर दिसू शकतात. अशा काही रुग्णांच्या अंगावर ठळक चट्टा नसतोच. त्वचा नुसतीच तुळतुळीत, चमकदार आणि थोडी जाड दिसते. त्यामुळे घरच्यांच्याही लक्षात येत नाही आणि उपचार सर्दीचाच चालू राहतो.

हा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. तो अतिशय सावकाश वाढतो. एकाचे दोन व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणूनच लागण झाल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. ‘आमच्या घरात कुणालाच नाही, मग मला कसा?’ या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. संपर्क कधी आला हे आठवणेच शक्य नसते.

निदानासाठी डॉक्टर तीन गोष्टी बघतात. चट्ट्यावर स्पर्श कळतो का, नस जाड झाली आहे का आणि कानाच्या पाळीतून किंवा त्वचेतून घेतलेल्या नमुन्यात जंतू दिसतात का. यासाठी छोटीशी चीर देऊन द्रव काचेवर घेतात. टाका पडत नाही. हा जंतू प्रयोगशाळेत कल्चरवर वाढवता येत नाही. त्यामुळे नाकातल्या पाण्याचे साधे कल्चर ‘निल’ आले म्हणून कुष्ठरोग नाही, असे ठरत नाही.

उपचार पूर्ण मोफत आहे. सौम्य प्रकारात सहा महिने, जास्त जंतू असलेल्या प्रकारात बारा महिने बहुविध औषधोपचार चालतो. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातून, खोकल्या-शिंकेतून जंतू बाहेर पडतात. पण औषध सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याची शक्यता झपाट्याने संपते. त्याला वेगळे ताट, वेगळी खोली देण्याची काहीच गरज नाही. घरातल्या आणि शेजारच्या निरोगी माणसांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस दिला जातो. तो डॉक्टर तपासून देतात.

गोळ्यांनी लघवी लालसर होते, कातडी काही काळ काळसर पडते. हे औषधाचे परिणाम आहेत, घाबरून गोळ्या बंद करू नयेत. उपचार चालू असताना अचानक चट्टे लाल होऊन सुजले किंवा नसा दुखू लागल्या तर मात्र लगेच आरोग्य केंद्रात जावे. त्यावर वेगळे औषध असते.

कल्याणला हा आजार नवा नाही. पत्रीपुलाजवळच्या हनुमाननगर वसाहतीत कुष्ठरोगातून बरी झालेली कुटुंबे राहतात. त्यांच्यासाठी काम करणारे, नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. भारताने डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे लक्ष्य गाठले. पण म्हणून आजार संपलेला नाही. महाराष्ट्रात दरवर्षी हजारो नवे रुग्ण सापडतात आणि ठाणे, पालघरच्या आदिवासी पट्ट्यात शोधमोहिमा आजही घ्याव्या लागतात. आशाताई घरी येऊन ‘अंगावर चट्टा आहे का?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना नाकाचा जुना त्रासही सांगावा.

भीती असते ती लोक काय म्हणतील याची. कायदाही आता रुग्णाच्या बाजूने आहे. २०१९ च्या कायद्यातील दुरुस्तीने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून काढून टाकण्यात आले आहे.

क्षयरोग : फुप्फुसातच होतो असे नाही

टीबी नाकात होणे दुर्मीळ आहे, पण होतो. नाकाच्या पडद्याचा पुढचा मऊ भाग त्याला बळी पडतो. तिथे बारीक गाठी येतात, जखम होते, खपली धरते आणि कूर्चेला भोक पडते. काही रुग्णांत फुप्फुसाचा टीबी आधीच असतो, काहींत छाती अगदी साफ असते. म्हणून ‘खोकला नाही, म्हणजे टीबी नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

निदान नाकातला तुकडा काढून होते. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीच्या विशिष्ट गाठी दिसतात. तुकड्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी केली तर जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हे काही तासांत कळते. टीबीचे कल्चर मात्र सहा आठवडे लागू शकते. सोबत छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी होते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सायनस समजून दिलेली लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक औषधे टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबतात. थोडे बरे वाटते आणि खरा आजार झाकला जातो. म्हणून आधी कोणत्या गोळ्या घेतल्या हे डॉक्टरांना सांगणे फार गरजेचे आहे. रिकामी पाकिटे जपून ठेवा आणि सोबत न्या.

औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

पीनस : वास घरच्यांना येतो, रुग्णाला नाही

या आजाराला गावाकडे पीनस म्हणतात. वैद्यकीय भाषेत ओझिना. नाकाची आतली त्वचा आणि हाडे सुकत जातात, नाकाची पोकळी रुंद होते आणि आत मोठमोठ्या हिरवट खपल्या साचतात. भयंकर दुर्गंधी येते. पण वासाच्या नसा सुकल्यामुळे रुग्णाला स्वतःला ती कळत नाही. पोकळी मोठी असूनही ‘नाक बंद वाटतं’ अशी तक्रार असते, कारण आतून हवा जात असल्याची जाणीवच राहिलेली नसते.

हा आजार तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो. त्यामुळे त्याचा फटका शाळेत, लग्नाच्या बोलणीत आणि सासरी बसतो. ‘तोंडाला वास येतो’, ‘नीट स्वच्छ राहत नाही’ असे टोमणे मुलीला ऐकावे लागतात. वास तोंडाचा नाही, नाकाचा आहे आणि तो तिचा दोष नाही, हे घरातल्यांनी समजून घ्यायला हवे.

या रुग्णांच्या नाकात क्लेब्सिएला ओझिनी नावाचा जंतू बऱ्याचदा सापडतो. तो एकटाच कारण आहे असे नाही. रक्तातले लोह कमी असणे, कुपोषण, आनुवंशिकता, पूर्वीची नाकाची शस्त्रक्रिया यांचाही संबंध सांगितला जातो. म्हणून स्वॅबबरोबर हिमोग्लोबिन तपासतात. कुष्ठरोग, टीबी आणि सिफिलिसमुळेही नाक असेच सुकू शकते, त्यामुळे ते तिन्ही नाहीत याची खात्री करावी लागते.

खपल्यांच्या वासावर माशी बसून अंडी घालते आणि नाकात किडे पडतात. नाकात काहीतरी वळवळणे, चेहरा सुजणे, रक्त येणे ही लक्षणे. टर्पेंटाइन, रॉकेल किंवा फिनेल घरी नाकात घालू नये. थेट रुग्णालयात जावे, डॉक्टर दुर्बिणीतून किडे काढतात.

रायनोस्क्लेरोमा : नाक दगडासारखे कडक

हा क्लेब्सिएला कुळातल्याच दुसऱ्या जंतूचा आजार. १८७० मध्ये व्हिएन्नात हेब्रा यांनी त्याचे वर्णन केले आणि १८८२ मध्ये फ्रिश यांनी जंतू शोधला. भारतात तो अधूनमधून दिसतो, दाटीवाटीने राहणाऱ्या गरीब कुटुंबांत जास्त.

तो तीन पायऱ्यांनी वाढतो. आधी लांबलेली सर्दी आणि खपल्या. मग नाकात न दुखणाऱ्या, रबरासारख्या गाठी. शेवटी त्या जागी घट्ट वण, ज्याने नाकपुडी आक्रसते. गाठी वरच्या ओठापर्यंत येतात, घशात आणि स्वरयंत्रातही उतरतात. तेव्हा आवाज बसतो आणि श्वास अडकतो.

गाठ न दुखणारी असल्याने लोक दुर्लक्ष करतात. काहींना कर्करोगाची धास्ती बसते. तुकडा तपासल्यावर ‘मिकुलिच पेशी’ नावाच्या फुगलेल्या पेशी दिसल्या की निदान पक्के होते. कल्चर केले तरी ते सगळ्यांत सापडत नाही, जवळपास निम्म्याच रुग्णांत जंतू वाढतो. म्हणजे इथेही नुसत्या ‘निल’ रिपोर्टवर थांबून चालत नाही. योग्य अँटिबायोटिक औषध अनेक आठवडे, कधी काही महिने घ्यावे लागते. श्वासाचा मार्ग अरुंद झाला असेल तर शस्त्रक्रियाही लागते.

लहान मुलाची एकच नाकपुडी वाहते आहे?

मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल तर आधी संशय घ्यावा तो नाकात अडकलेल्या वस्तूचा. चिंचोका, मणी, शेंगदाणा, खडू, स्पंजचा तुकडा, काहीही असू शकते. घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बॅटरी असेल तर काही तासांत पडदा जळून भोक पडते. अशा वेळी पिन, चिमटा घालून काढायचा प्रयत्न न करता लगेच रुग्णालय गाठावे.

वस्तू नसेल आणि रक्ताळ पाणी, वरचा ओठ सोलवटलेला, नाकात पांढुरका पापुद्रा असे दिसले तर घटसर्पाचा विचार करावा लागतो. नाकातला घटसर्प सौम्य दिसतो, म्हणून सुटतो. पण ते मूल दुसऱ्या मुलांना आजार देऊ शकते. पापुद्रा घरी खरवडू नये. डॉक्टर स्वॅब घेतात, पण रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात. घटसर्पाची लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या वयात पेंटाव्हॅलंटमधून मिळते. पुढचे डोस सोळा ते चोवीस महिने, पाच ते सहा वर्षे, दहा वर्षे आणि सोळा वर्षे या वयात. मोठ्या मुलांचे शेवटचे डोस बहुतेक घरांत राहून जातात. कार्ड काढून एकदा तपासा.

जंतूंसारखे दिसते, पण जंतू नाही

नाकात स्ट्रॉबेरीसारखा लाल, खडबडीत, हात लागताच रक्त येणारा कोंब असेल तर तो रायनोस्पोरिडिओसिस असू शकतो. गुरे डुंबतात त्या साचलेल्या तळ्यात, डबक्यात अंघोळ करणाऱ्यांना त्याचा धोका असतो. याला अँटिबायोटिक औषध चालत नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते.

तपकीर ओढणे, वीटभट्टीची राख-धूळ, नाक सतत कोरणे यांनीही खपल्या आणि जखमा होतात. चोंदलेले नाक मोकळे करणारे ड्रॉप आठवड्यापेक्षा जास्त वापरले तर नाक उलट जास्त चोंदते. नाकाचा कर्करोग आणि शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नाकावर केलेला हल्ला हेही असेच दिसू शकतात. बाहेरून बघून फरक कळत नाही. म्हणूनच तुकडा तपासावा लागतो.

निदान कसे होते? पायरी-पायरीने

*पहिली पायरी, विचारपूस.* त्रास कधीपासून, एका बाजूला की दोन्ही, कोणती औषधे झाली, घरात टीबी किंवा कुष्ठरोग कुणाला होता का, साखर आहे का, काम कुठले, गुरे-तळे-भट्टी यांचा संबंध. हे खरे खरे सांगितले तर निम्मे काम होते.

*दुसरी पायरी, दुर्बीण.* नाकात बधिर करणारे औषध घालून बारीक दुर्बीण घातली जाते. पाच-दहा मिनिटांचे काम. दुखत नाही, थोडे चमत्कारिक वाटते.

*तिसरी पायरी, रक्त आणि फोटो.* साखर, हिमोग्लोबिन, संमतीने एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी, छातीचा एक्स-रे. गरज पडल्यास सीटी स्कॅन, त्यातून हाड किती झिजले ते दिसते.

*चौथी पायरी, स्वॅब.* नाकपुडीच्या तोंडाशी घेतलेल्या स्वॅबला फारसा अर्थ नसतो. तिथे निरोगी माणसातही जंतू असतात. नमुना आतून, दुर्बिणीखाली, जखमेच्या किंवा खपलीखालच्या जागेतून घ्यावा लागतो. शक्य असेल तर अँटिबायोटिक औषध सुरू करण्याआधी. चालू असेल तर ते स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

*पाचवी पायरी, तुकडा.* ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ हा गैरसमज आहे. तुकड्याशिवाय वरच्यापैकी बहुतेक आजार पक्के होत नाहीत.

तुकड्याच्या बाबतीत एक चूक बऱ्याचदा होते. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की त्यातले जंतू मरतात. त्या बाटलीतून सूक्ष्मदर्शकाची तपासणी होते, पण कल्चर होत नाही. म्हणून दोन बाटल्या लागतात. एक फॉर्मॅलिनची आणि एक सलाइनची. नातेवाईकाच्या हातात बाटली देऊन लॅबला पाठवले असेल तर एवढे विचारून घ्यावे : “डॉक्टर, कल्चरसाठी वेगळा तुकडा ठेवलाय ना?”

लॅबच्या कागदावर ‘नाकाची जखम’ एवढेच लिहिलेले असेल तर लॅब नेहमीचीच तपासणी करते. टीबी आणि कुष्ठरोगाच्या जंतूंना वेगळा रंग द्यावा लागतो. काही जंतू दोन-तीन आठवड्यांनी वाढतात आणि नेहमीचे कल्चर मात्र दोन-तीन दिवसांत बंद केले जाते. डॉक्टरांनी कोणता संशय आहे ते कागदावर लिहिले की लॅब त्याप्रमाणे थांबते.

रिपोर्ट ‘निल’ आला, पण त्रास आहे. मग?

रिपोर्ट निल म्हणजे आजार नाही, असे नेहमीच नसते. नमुना वरवरचा असेल, औषध आधीच चालू असेल, किंवा तो जंतू त्या चाचणीत दिसणाराच नसेल. उपचाराने तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवावे. दुसऱ्यांदा तुकडा घ्यावा लागणे यात काही वावगे नाही. सगळे कागद, जुने रिपोर्ट आणि शक्य असेल तर काचा सोबत न्याव्यात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले तर कागद भिजला तरी अडत नाही.

कुठे जायचे?

सुरुवात गावच्या उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते. टीबी आणि कुष्ठरोगाची प्राथमिक तपासणी तिथे सुरू होते. पुढे मुरबाड, गोवेली, बदलापूर येथे ग्रामीण रुग्णालये, शहापूरला उपजिल्हा रुग्णालय, भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय आणि उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे. कल्याणात महापालिकेचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय आहे.

दुर्बीण, तुकडा आणि कल्चर एकाच ठिकाणी हवे असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय सोयीचे. जवळचे म्हणजे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. त्यापुढे मध्य रेल्वेच्या लोकलने शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, परळचे केईएम आणि भायखळ्याचे जे.जे. रुग्णालय गाठता येते. कुष्ठरोगासाठी वडाळ्याचे ॲक्वर्थ रुग्णालय १८९० पासून आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी रोज असतातच असे नाही. धसई किंवा डोळखांबहून निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्यावा, म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे वाया जात नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत असू द्या. टीबीच्या माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे, तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८.

भट्टीवर गेलात तरी औषध सुटू देऊ नका

दिवाळीनंतर अनेक कातकरी आणि आदिवासी कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला घर सोडून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सहा-बारा महिन्यांचे औषध नेमके याच काळात तुटते. अर्धवट सोडलेल्या औषधाने टीबीचे जंतू निगरगट्ट होतात, मग उपचार लांबतो. टीबीच्या रुग्णाला निक्षय क्रमांक दिलेला असतो. तो सांगितला की दुसऱ्या तालुक्यातही औषध चालू ठेवता येते. कुष्ठरोगाच्या रुग्णाने जाण्याआधी आरोग्यसेवकाला कळवावे, म्हणजे पुढच्या केंद्राला चिठ्ठी देता येते. मालक आणि मुकादम यांनी औषधाच्या दिवशी दोन तासांची सुट्टी दिली तर त्यांच्याच भट्टीवरचा आजार आटोक्यात राहतो.

घरी काय करायचं, काय टाळायचं

• मिठाच्या पाण्याने नाक धुता येते, पण पाणी उकळून गार केलेलेच हवे. विहिरीचे, नळाचे पाणी तसेच नाकात ओढू नये.
• खपल्या नखाने ओढू नयेत. खोबरेल तेलाचा हलका हात लावून त्या मऊ होऊ द्याव्यात.
• नाकाच्या शेंड्यावरचा, आतला फोड फोडू नये. तिथल्या शिरा मेंदूकडे जातात आणि लागण आत पसरू शकते.
• दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे औषध घेऊ नये. विशेषतः स्टिरॉइडच्या गोळ्या. त्यांनी चार दिवस नाक मोकळे होते आणि आतला आजार वाढतो.
• साखर असेल तर ती ताब्यात ठेवा. तपकीर सोडा. भट्टीवर, मळणीच्या वेळी नाकाला ओला रुमाल बांधा.

थोडक्यात

तीन महिन्यांहून जुनी सर्दी, एकाच बाजूचा त्रास, रक्त, दुर्गंधी, नाकाचा बदलता आकार किंवा अंगावरचा बधिर चट्टा, यातले एक जरी असले तरी ‘बघू नंतर’ म्हणू नका. बहुतेकांचे निदान साधेच निघेल आणि काळजी मिटेल. ज्यांचे वेगळे निघेल, त्यांच्यासाठीही वर सांगितलेल्या आजारांवर औषध आहे, टीबी आणि कुष्ठरोगाचे तर मोफत आहे. फक्त ते नाकाचा दांडा बसण्याआधी सुरू व्हायला हवे.